काळजाचे पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात सासूबाई डोळ्यांच्या तपासणीसाठी गावाहून पुण्याला आमच्याकडे आल्या. सासूबाईंना मी ‘आत्या’ म्हणते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, आमच्या गावाकडे, तशी रीत आहे. त्यांचे वय तेव्हा ७१ होते. मोतीबिंदू काढायचा, महिनाभर विश्रांती घ्यायची आणि पावसापूर्वी गावी परतायचे, एवढाच बेत होता. परंतु आल्यापासून त्या उजव्या कुशीवर झोपत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले. विचारले तेव्हा म्हणाल्या, “बरगडीखाली जड जड वाटतंय. पित्त असंल.” त्या पित्तावर त्यांनी वर्षभर ओवा आणि काळे मीठ खाल्ले होते. चार घासांतच पोट भरते, ही तक्रार त्यांनी वयाच्या खात्यावर टाकली होती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट हाताने तपासले आणि सोनोग्राफी करून घ्यायला सांगितले. अहवालात लिहिले होते : यकृताच्या उजव्या भागात ११ सेंटिमीटरची पाण्याची गाठ, आत अनेक लहान गाठी. यजमानांनी ‘गाठ’ हा शब्द वाचला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. आपल्या घरांतून या शब्दाचा एकच अर्थ लावला जातो. सोनोग्राफी केंद्राच्या जिन्यातच आम्ही दोघांनी ठरवून टाकले की आईला काही सांगायचे नाही. घरी येऊन मी आत्यांना म्हणाले, “डोळ्यांच्या आधी हल्ली पोटाचीही तपासणी करतात.” एवढे सहज खोटे मी आयुष्यात क्वचितच बोलले असेन.

चार दिवसांनी आम्ही दोघेच अहवाल घेऊन शल्यविशारदांकडे गेलो. त्यांनी सी.टी. स्कॅन व रक्ताच्या तपासण्या पुढच्या आठवड्यात करून घेतल्या, छातीचा एक्स-रे काढला आणि मग शांतपणे समजावून सांगितले. हा कर्करोग नव्हता. याला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. एकायनोकॉकस नावाचा एक पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. तो जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो आणि कुत्र्याला त्याचा फारसा त्रासही होत नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, मातीत, पाण्यात पसरतात. ते गवत शेळ्यामेंढ्या, गाईम्हशी खातात व त्यांच्या यकृतात आणि फुप्फुसांत पाण्याने भरलेले कोष तयार होतात. असे कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात पुन्हा कृमी वाढतात. या फेऱ्यात माणूस चुकून सापडतो. न धुतलेले हात, कच्ची भाजी किंवा दूषित पाणी यांवाटे अंडी आपल्या पोटात जातात, आतड्यात फुटतात आणि आतला सूक्ष्म जीव रक्तावाटे यकृतात पोहोचतो. आतड्याकडून येणारे रक्त आधी यकृतातून गाळले जाते, म्हणून बहुतेक कोष तिथेच अडकतात, त्याखालोखाल फुप्फुसांत. एक्स-रे त्यासाठीच होता. कोष फार सावकाश वाढतो. वर्षानुवर्षे तो असल्याचे कळतही नाही.

“यात आपल्याला घाई नाही, पण दुर्लक्षही करता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. अशा गाठीवर चार प्रकारचे मार्ग असतात, हे मला प्रथमच समजले. काही कोष आपोआप मरून जातात, त्यांच्या भिंतीवर चुना साचतो; त्यांना काही त्रास नसेल तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नुसते लक्ष ठेवणे पुरते. काही लहान कोष अल्बेंडॅझोलच्या गोळ्यांनी, काही महिन्यांच्या उपचारात, निकामी होतात. काही विशिष्ट कोषांत सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालून पाणी काढतात, जंतुनाशक द्रव आत सोडतात आणि तो पुन्हा ओढून घेतात. हे मात्र सर्व तयारी असलेल्या ठिकाणी, जाणकार हातांनीच व्हावे लागते. साधे पाणी समजून कुणी घाईने सुई टोचली आणि आतला द्रव पोटात सांडला, तर अंगावर तीव्र प्रतिक्रिया येऊन जीव धोक्यात येऊ शकतो, शिवाय त्यातील बीजे पोटात विखरून नव्या गाठी धरतात. चौथा मार्ग शस्त्रक्रियेचा. आत्यांची गाठ मोठी होती, तिच्यात पिल्लांसारख्या अनेक गाठी भरल्या होत्या आणि ती यकृताच्या कडेला, पृष्ठभागापाशी होती. पडण्याने किंवा जोराच्या धक्क्याने ती फुटण्याची भीती होती. त्यामुळे डॉक्टरांचा कल शस्त्रक्रियेकडे होता.

यजमानांनी तिथेच नकार दिला. “या वयात आईला मी टेबलावर चढवणार नाही.” त्यामागचे कारण मला ठाऊक होते. पाच वर्षांपूर्वी मामंजींची आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ते रुग्णालयातून घरी आले नाहीत. डॉक्टरांनी वाद घातला नाही. “वय हा एक आकडा मी पाहतोच, पण त्याबरोबर हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, साखर आणि त्या किती चालतात-फिरतात हेही पाहतो. तुमच्या आई अजून शेतात जातात. विचार करा. आणि त्यांच्याशी बोला,” एवढेच ते म्हणाले.

आम्ही विचार करीत राहिलो, त्यांच्याशी मात्र बोललो नाही. असे तीन आठवडे गेले. घरातले बोलणे आत्या खोलीत आल्या की थांबे. नणंदेचे फोन मी गच्चीवर जाऊन घेई. आपण एका म्हाताऱ्या जिवाला काळजीपासून दूर ठेवीत आहोत, अशी आमची समजूत होती. आत्या मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. एकदा त्यांनी पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, “ह्या पोरीच्या लग्नात मोडू नगंस, तशाच दे.” पोरगी तेव्हा नववीत होती.

त्याच रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात अंधारात आत्या बसल्या होत्या. मी दिवा लावला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला क्यान्सर झालाय न्हवं?”

माझ्या काळजाचे पाणी झाले. तीन आठवडे ही बाई एकटी, या अंधारात, नसलेल्या रोगाने मरत होती आणि तो रोग तिला आम्ही दिला होता. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि सर्व सांगितले. गाठ कुठे आहे, केवढी आहे, आत काय आहे, ती कशाने होते, सारे. शब्द सुचत नव्हते तेव्हा ताटात वाटी पालथी घालून दाखवले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. कुत्रे आणि मेंढ्यांची गोष्ट सुरू झाली तशा त्या एकदम सरसावून बसल्या.

“म्हंजे बकऱ्याच्या काळजात असत्यात, ती पाण्याची फोडं?”

मी चकित झाले. आमच्या भागात यकृताला काळीजच म्हणतात. मटणवाल्याकडे आणि घरातही. आत्यांनी सांगितले की गावच्या यात्रेत बकरी कापली जातात, तेव्हा एखाद्याच्या काळजावर किंवा फुप्फुसावर असे पांढरे, टणक, पाण्याने तट्ट फुगलेले फुगे निघतात. “तसलं काळीज आमी कवा शिजवलं न्हाय. कुत्र्याफुडं टाकायचं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “म्हंजे आमीच त्येला घातलं, आन् त्येनं आमाला.” डॉक्टरांनी अर्ध्या तासात कागदावर चित्र काढून समजावलेले चक्र माझ्या सासूबाईंनी एका वाक्यात पूर्ण केले. माणच्या माळावर दिवाळीनंतर मेंढरांचे कळप येतात. लेंडीखतासाठी शेतात मेंढरे बसवायची पद्धत आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि कळपाबरोबर कुत्री असतातच. लागण कधी झाली, कुठल्या कुत्र्यापासून झाली, हे कुणालाच सांगता येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः शल्यविशारदांसमोर बसल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : “न्हाय कापलं तर काय हुईल?” आणि “कापलं तर काय हुईल?” डॉक्टरांनी दोन्हींची उत्तरे काही न लपवता दिली. न कापल्यास गाठ वर्षे न् वर्षे तशीच राहू शकते. ती फुटू शकते, तिच्यात पू होऊ शकतो किंवा ती पित्तनलिकेत उघडून कावीळ होऊ शकते. यातले काय घडेल आणि कधी, हे सांगता येत नाही. कापल्यास भुलीचा धोका, रक्तस्रावाचा धोका, जखमेतून काही आठवडे पित्त गळण्याचा संभव आणि काही वर्षांनी गाठ पुन्हा होण्याची थोडी शक्यता. आत्यांनी मान डोलावली. “मग तयारी असताना कापा. फुटल्याव पळापळ नगं.”

यजमान काही बोलणार, तोच त्या त्यांच्याकडे वळल्या. “तुज्या बापाला कुणी इचारलं न्हवतं, बाळा. त्येंला वाटलं, घरी निगालोय. माजं मला ठरवू दे.”

यजमान खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना सावरायला थोडा वेळ लागला. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अल्बेंडॅझोल सुरू झाले. शाळेत मुलांना जंतांसाठी एकदाच देतात तीच ही गोळी. परंतु या आजारात ती रोज, दीर्घकाळ घ्यावी लागते आणि यकृताचे कार्य व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासत राहाव्या लागतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नये. तेलतूप असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर ती अंगी चांगली लागते, हे ऐकून आत्यांनी भाकरीवर तुपाची धार वाढवून घेतली. हृदयाची तपासणी झाली. तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढण्याचा व्यायाम त्यांनी नातवाशी पैज लावून केला. वयस्क माणसाच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीत कफ साचू नये यासाठी या व्यायामाचा उपयोग होतो आणि तो आधीपासून शिकलेला बरा. खर्चाची चौकशी करताना रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे, आपला उपचार शासकीय योजनेत बसतो का हे आधीच विचारून घ्यावे, हेही आम्ही त्यात शिकलो. संमतिपत्र मी त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवले आणि त्यांनी आपल्या हाताने सही केली.

शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. डॉक्टरांनी नंतर सांगितले ते असे : पोट उघडल्यावर गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडी घड्या चोहोबाजूंनी रचल्या, एक थेंबही बाहेर सांडू नये म्हणून. मग आतले पाणी ओढून घेतले, कोषातील बीजे मारणारा द्रव वापरला, पिल्लांच्या गाठी आणि आतले पांढरे आवरण अलगद काढले. यकृताला घट्ट चिकटलेल्या बाहेरच्या भिंतीचा वरचा भाग कापला आणि उरलेल्या पोकळीत पोटातल्याच चरबीच्या पडद्याचा एक पदर भरला. शेवटी पोकळीत एक नळी ठेवून ती बाहेर पिशवीला जोडली. त्यांनी आम्हाला बरणीही दाखवली. साबुदाण्यापासून द्राक्षापर्यंत सर्व आकारांचे पारदर्शक मणी तिच्यात होते. पुढे आत्यांनीही ती पाहायला मागितली. “ह्येच ते,” एवढेच त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी आम्ही घरी आलो, ते नळी आणि पिशवीसह. पिशवीत हिरवट-पिवळे पित्त येत होते. गाठीच्या भिंतीत उघडणाऱ्या एखाद्या बारीक पित्तनलिकेतून असे होते, बहुधा ते हळूहळू आपोआप थांबते, न थांबल्यास दुर्बिणीतून पित्तनलिकेत छोटी नळी बसवता येते, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पिशवी मोजून मी वहीत लिहीत असे. पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, हात धुऊनच हात लावायचा. ताप, थंडी, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे किंवा पित्त एकाएकी वाढणे अथवा बंद होऊन पोट दुखणे, यांपैकी काही झाले तर लगेच रुग्णालय गाठायचे. पहिल्या आठवड्यात दीडशे-दोनशे मिलिलिटर भरे.

बाराव्या की तेराव्या रात्री आत्या मला न उठवता न्हाणीघरात गेल्या. नळी ओढली गेली, पिशवी सुटून सगळे सांडले. मी अर्धवट झोपेत होते, सलग दोन आठवडे जागत होते; हे कारण आहे, समर्थन नाही. मी ओरडले, “एवढंही कळत नाही का तुम्हाला?” त्या काहीच बोलल्या नाहीत.

तीन दिवसांनी वही चाळताना माझ्या लक्षात आले की पाण्याच्या रकान्यात संध्याकाळी पाचनंतरच्या सगळ्या जागा रिकाम्या आहेत. रात्री उठावे लागू नये, मला उठवावे लागू नये, म्हणून त्यांनी पाच वाजल्यानंतर पाणी पिणेच सोडले होते. ओठ सुकले होते, लघवी गडद होत होती, आणि मी मिलिलिटर मोजीत होते. त्या दुपारी मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “तू दमलीस, बाई. दमल्यालं जनावर बी लाथ मारतंय.” संध्याकाळी यजमानांनी आपले अंथरूण आईच्या खोलीत टाकले. गावाहून बकरीच्या गळ्यातली एक छोटी घंटा मागवून ती पलंगाला बांधली. रात्री ती वाजली की ते उठत. सेवा करणाऱ्या एकाच माणसावर रात्र आणि दिवस दोन्ही टाकू नयेत, हे आम्हाला आधी सुचायला हवे होते. सव्विसाव्या दिवशी पिशवी कोरडी राहिली. सोनोग्राफी करून नळी काढली.

नणंद दरम्यान गावच्या मोतीला हाकलून द्या म्हणून हटून बसली होती. आत्यांनी ते होऊ दिले नाही. मोतीला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. कृमींची गोळी भाकरीत घालून दिली आणि ती ठरावीक मुदतीने पुन्हा देत राहायचे आहे. घरातील सर्वांची एकदा सोनोग्राफी झाली, ती निर्दोष आली. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, आत्यांचे ताट-पाणी वेगळे करण्याचे कारण नाही, हे मात्र नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

हा फेरा तोडता येतो, याला इतिहासात आधार आहे. आइसलँडमध्ये एकेकाळी हा रोग घरोघरी होता. तिथे १८६४ मध्ये या आजाराची माहिती देणारी एक पुस्तिका लोकांना फुकट वाटण्यात आली. पुढे कुत्र्यांना कृमींचे औषध आणि कापलेल्या जनावरांचे अवयव कुत्र्यांपासून दूर ठेवणे, एवढ्या साध्या गोष्टी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या आणि रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. हे मी आत्यांना वाचून दाखवले होते. गेल्या वर्षीच्या यात्रेत त्यांनी आमच्या वस्तीवर कमरेएवढा खोल खड्डा खणून घेतला आणि फोडे आलेले सगळे त्यात टाकून वर माती व दगड लोटायला लावले. बायका हसल्या. आत्यांनी लुगड्याचा पदर बाजूला करून त्यांना पोटावरचा व्रण दाखवला. मग कुणी हसले नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या सोनोग्राफीत यकृतात अजून छोटी पोकळी दिसते. पहिल्यांदा ती पाहून आम्ही घाबरलो होतो. अशी पोकळी बराच काळ दिसू शकते, तिचे रूप बदलते का हे पाहायचे असते, असे डॉक्टरांनी समजावले. यापुढेही काही वर्षे नियमित तपासणीला यावे लागेल. सर्व अहवाल एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवले आहेत, ते आत्यांच्या ताब्यात असतात.

ज्या मोतीबिंदूसाठी त्या आल्या होत्या, तो त्या वर्षी दिवाळीनंतर काढला. शस्त्रक्रियेच्या सकाळी परिचारिकेने संमतिपत्र आणि पेन यजमानांपुढे धरले. त्यांनी ते घेतले नाही. “आईला द्या,” ते म्हणाले, “आणि जरा वाचून दाखवा. तिला प्रश्न असतील.”